न फोडलेली मटकी

मुलांनो, आज पोळा म्हणून सकाळी शोकेस ओल्या फडक्याने पुसत होते. मातीच्या छोट्या मटकीला ओल लागली आणि तिचा वास आला.

ही मटकी घेतली तेव्हा तुमची आई सात वर्षांची होती. पोळ्याला आपल्या या पुरानी बस्तीतल्या मुली दिवसभर मातीच्या भांड्यांशी खेळायच्या आणि संध्याकाळी मैदानात जाऊन आपापली मटकी आपटून फोडायच्या. आपल्या मराठी मुलखात असं नसतं, पण इथला रिवाजच तो. तिनेही फोडायला मटकी डोक्याच्या वर उचलली, तोच मी तिचा हात धरला.

"चांगली वस्तू फोडायची नसते."

"आई, साऱ्या पोट्ट्या फोडून राहिल्या. मलेच काहून नाही?"

शेजारीण इथलीच, ती हसली. "फोड़न दे ना दीदी, अगले साल नवा ले लेबे."

मी ऐकलं नाही. मला तो रिवाज अडाणीपणाचा वाटायचा. आजूबाजूला खापरं उडत होती, मुली खिदळत होत्या. तुमच्या आईने मटकी माझ्या हातात दिली. "घे, ठेव तुझ्या शोकेसमध्ये," म्हणाली. पुढच्या पोळ्याला तिने मटकी मागितलीच नाही.

तुमची आई गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. तिची मटकी शाबूत आहे, साधा टवकाही उडालेला नाही. आज संध्याकाळी मी ती घेऊन मैदानात गेले. तिथे आता मोटारी उभ्या असतात. हात वर केला, पण फोडवेना. घरी आणली, पुसली आणि जागेवर ठेवली.