बैलाच्या कपाळावरचं मेडल

माझ्याकडे परदेशी नाण्यांचा एक डबा आहे. त्यात दुबईचं नाणं आहे, नेपाळची दोन-चार, मधे भोक असलेलं एक जपानी. कामरगावातून कुणी बाहेरदेशी निघालं की मी आधीच सांगून ठेवतो, चॉकलेट नको, चिल्लर आण. आई त्या डब्याला भंगार म्हणते आणि माझं डोकं फिरतं.

डब्याचा राजा म्हणजे एक पितळी मेडल. कारंज्याच्या भंगारवाल्यानं ते देताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "लढाईचं हाय, भाऊ." त्यावर लाटा, लाटांतून वर आलेला एक हात आणि खाली इंग्रजीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी अक्षरं. म्हणजे गोष्ट उघडच होती. भर गोळीबारात नदी पोहून जाणारा शूर शिपाई. माझ्या दुकानात मोबाईलचं रिचार्ज मारायला येणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट ऐकली आहे. काही जण आता रिचार्ज दुसरीकडे मारतात. येत्या रविवारी अकोल्याच्या जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनात मी ते मांडणार होतो. 'युद्धपदक' अशी पाटीसुद्धा छापून आणली होती.

पोळ्याच्या संध्याकाळी डबा उघडला तर मेडल गायब.

"बाजूच्या काकाले देलं," आई म्हणाली, "बैलाले बांधाले. डब्यात पडून काय करून राह्यलं होतं ते?"

मी तसाच पोळ्यात पळालो. गावात ट्रॅक्टर आले, पण काकांनी बैलजोडी सोडली नाही. त्यातला पांढरा बैल म्हणजे एक नंबरचा भित्रा. सकाळी नाल्यावर धुवायला नेला तर तो काठावरच अडून बसला आणि आंघोळ काकांची झाली. त्या बैलाच्या कपाळावर, गोंड्यांच्या मधोमध, माझा शूर शिपाई लोंबकळत होता.

"काका, सोडा ते. रविवारी अकोल्याले न्याचं हाय."

"थांब ना बाप्पा. नंबर लागू दे पयले."

नंबर म्हणजे सजावटीचा. माईकवर शाळेतले मास्तर होते. त्यांना मेडल दिसलं आणि हुक्की आली. त्यांनी मोबाईल त्या अक्षरांसमोर धरला. मोबाईलनं केलेलं भाषांतर त्यांनी सगळ्या गावाला वाचून दाखवलं, "पोहण्याची स्पर्धा. दहा वर्षांखालील मुली. तिसरा क्रमांक."

अख्खा पोळा हसायला लागला. रिचार्ज दुसरीकडे मारणारे सगळ्यात पुढे होते. त्यांच्यातल्या एकानं उभ्याउभ्या झडती रचली. पोळ्यात बैलांसमोर एकमेकांना चिडवायला म्हणतात ती.

"पाणी पाहून बैल भेला,
मेडल घालून पोयाले गेला,
भाऊचा शिपाई वाहून गेला,
हर बोला हर हर महादेव."

मला इतका संताप आला की मी मेडलला हातच घातला. बैलानं मान झटकली आणि मी शेजारच्या बैलाच्या झुलीवर जाऊन आदळलो. तेवढ्यात मास्तरांनी पहिला नंबर पुकारला. काकांचा पांढरा बैल.

काकांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला. या माणसाचा आजवर कशातच नंबर आला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी स्वतःच मेडल सोडलं, नव्या दुपट्ट्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"तिसरी आलती ना थे पोरगी?" ते म्हणाले. "तिले कळव बरं. म्हनाव, आता तुहा पयला नंबर आला."

आता तिला कुठे शोधू? ती कुठल्या देशाची, हेही मला ठाऊक नाही. मेडल इतकं जुनं, एव्हाना ती आजी झाली असेल. माझा राग कुठे गेला कोण जाणे. बैल घरोघरी पुरणपोळी खाऊन येईपर्यंत मेडल राहू दे म्हटलं आणि काकांकडूनच परत बांधून घेतलं.

रविवारी अकोल्याला ती छापलेली पाटी नेली नाही. पेननं नवी लिहिली. पोहण्याची स्पर्धा, मुली. पहिला क्रमांक.