नथ्थूच्या गाडीतला सांबार

कोथिंबिरीला आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणतात. बाहेरची माणसं हसतात, त्यांना हसू द्यावं. रिसोडच्या भाजीबाजारात सकाळच्या हर्राशीला सगळ्यात आधी बोली लागायची ती नथ्थूच्या सांबारावर. त्यात गुपित काही नव्हतं. त्याचा मळा माझ्या मळ्याला लागून, माझी वांगी त्याच्याच पिकअपमध्ये जायची, म्हणून रोज डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. बाकी सगळा माल मागे, उघड्यावर. सांबार मात्र पुढे, केबिनमध्ये. त्याची बायको सीताबाई जुड्या ओल्या बारदानात गुंडाळायची, डाव्या बाजूला पाय ठेवायच्या जागेत दाबून रचायची आणि गाडी निघायच्या आधी त्यावर घागर वाकडी करायची. पाणी ठिबकत ठिबकत रिसोड यायचं.

नथ्थू हा बोलका माणूस. बोलायच्या आधी हसणारा. रस्त्यात कोणी पायी दिसलं की गाडी थांबलीच, मग तो माणूस नको म्हणत असला तरी. चालवायचा इतका हळू की ट्रॅक्टरवाले मागून हॉर्न मारून दमायचे. मी म्हणायचो, अरे, तुझ्यापेक्षा आमची म्हैस लवकर घरी येते. तो म्हणायचा, "येऊ दे ना भाऊ, तिले घरी काम असन."

गाडीत त्याच्या शेजारी बसायचा शिवम, त्यांचा एकुलता एक मुलगा. पाय त्या ओल्या बारदानावर टाकून. बाजारात माल उतरवायचा आणि तिथूनच कॉलेजला जायचा.

दिवाळीनंतर त्या गाडीनं चाळे सुरू केले. ऊन पडलेलं आणि वायपर आपोआप फिरतोय. वळायचं नसताना इंडिकेटर लुकलुकतोय. "गाडीले मस्ती आली," नथ्थू म्हणाला. आम्हीही हसलो. दोन दिवस गाडी उभी राहिली की ती आपोआप ठीक व्हायची, मग कोण दाखवायला नेतो?

त्याच हिवाळ्यात एका पहाटे धुकं होतं. वळणावर कुटारानं, म्हणजे भुशानं, भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे लाल चिंधीसुद्धा नाही. पिकअपची डावी बाजू तिच्यात घुसली. डावीकडे शिवम होता. तो जागीच गेला. नथ्थूला खरचटलंसुद्धा नाही, आणि हे त्याला कोणी माफ केलं नाही.

तो एकच वाक्य सांगत राहिला. "दिवे गेले एकदम. समदे." पोलिसांनी गाडी आवारात नेऊन ठेवली. तिथल्या उन्हात ती बरेच दिवस तापली. मग तपासणी झाली, तेव्हा उरलेला उजवा दिवा लख्ख पेटला. झालं. नथ्थूचा डोळा लागला, पोरगं मारलं, असं गावानं ठरवून टाकलं. कोणी तर पिऊन होता असंही जोडलं. जन्मात थेंब न घेतलेल्या माणसाबद्दल. मला त्या लोकांची अजून चीड येते.

पण नथ्थूला गावाचं काही नव्हतं. त्याला सीताबाईचं होतं. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. ती त्याला 'शिवमचे बाबा' म्हणायची, तो तिला 'शिवमची माय'. शिवम गेला आणि तिनं ती हाक टाकून दिली. भाकर करायची, ताट सरकवायची. काही सांगायचं असलं तर मला सांगायची, "भाऊ, त्यायले म्हणा मोटर बंद करा." तो चार हातांवर उभा असायचा.

गाडी दुरुस्त होऊन आली आणि बाजार पुन्हा सुरू झाला. पोट थांबत नाही. सीताबाई पूर्वीसारखंच बारदान रचायची, त्याच जागी, आणि घागर वाकडी करायची. तेव्हा ती रडत असायची. मी वांगी चढवायच्या निमित्तानं मागे जायचो.

मग मे महिन्यात, भर उन्हात, रस्त्यात वायपर सुरू झाला. हॉर्न मुका. दिव्यांचं बटण दाबलं तर दिवे लागेनात. नथ्थू धावत माझ्याकडे आला. गाडी बिघडली म्हणून इतका आनंदलेला माणूस मी कधी पाहिला नाही. "भाऊ, पुन्हा गेले दिवे! पुन्हा गेले!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हा हसत होता.

रिसोडला धम्मपाल गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्यानं यंत्र लावून पाहिलं. "भाऊ, हिची मेन डबी खराब हाये. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, वायपर, हॉर्न, समदं हिच्या हुकमानं चालते. ही बिघडली की मनाले येईन तसं करते." नवी अकोल्याहून मागवली. ती आली त्या सकाळी मी नथ्थूच्या अंगणात होतो. तो भिंतीकडे पाहत मोठ्यानं म्हणाला, "आज डबी निघन. मंग कयन समद्यायले, मी झोपलो नव्हतो."

सीताबाई आतून चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात दिला. "शिवमचे बाबा," ती म्हणाली, "दुपट्टा घ्या डोक्याले. ऊन लय हाये."

दुपट्टा डोक्याला बांधूनच नथ्थूनं गाडी रिसोडला आणली.

धम्मपालनं बॅटरीची तार काढली. डाव्या बाजूचं, पायाजवळचं प्लास्टिक उघडलं, स्क्रू सोडले आणि तळहाताएवढी काळी डबी बाहेर काढली. झाकण उघडलं. आत सगळं हिरवं-पांढरं किटण. "पाणी गेलं, भाऊ. सुकलं की चालते, भिजलं की बंद. पहिल्यांदा गेले दिवे, तेबी याच्यानंच."

नथ्थूनं माझा हात घट्ट धरला. "ऐकलं ना? मी झोपलो नव्हतो."

"पण इथं पाणी येते कोठून?" धम्मपाल स्वतःशीच बोलत होता. "काच त गळत नाही. रोज वरून पडल्याबिगर असं होत नाही." त्यानं वायरीच्या तोंडात अडकलेलं काहीतरी चिमटीनं ओढलं. वाळलेली काडी होती, टोकाला दोन पानं. त्यानं ती फेकली.

नथ्थूनं ती उचलली आणि नाकाशी नेली. मग तिथंच, ग्रीस सांडलेल्या जमिनीवर, खाली बसला.

नवी डबी बसली, लॅपटॉप लावून गाडीशी जुळवली, दिवे लागले. धम्मपाल जुनी डबी देऊ लागला. नथ्थू म्हणाला, "भंगारात टाक."

परतताना मी भांडलो त्याच्याशी. सीताबाईला दिवे गेले होते एवढंच सांग, पाण्याचं कशाला काढतोस?

"ते विचारन ना, काहून गेले. मी नाही सांगतलं त धम्मपाल सांगन. घागर रोज तिच्या हातात राह्यते, भाऊ. तिले समजाले किती वेळ लागते?" मग म्हणाला, "माह्यावर राग धरून जगून राह्यली ते. सोतावर धरला त जगन का?"



सीताबाई कुंपणापाशी उन्हात उभी होती. गाडी थांबायच्या आतच पुढे आली. "शिवमचे बाबा, काय निघालं?"

नथ्थू खाली उतरला. तिच्याकडे नीट पाहून बोलला. "नवीनच बिघाड होता. तवा दिवे चालूच होते. माहाच डोया लागला होता."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, मी मान खाली घातली. मग ती घरात गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं बारदान भिजवून गाडीपाशी आणलं. नथ्थूनं ते तिच्या हातातून घेतलं आणि मागे, माझ्या वांग्यांशेजारी, उघड्यावर टाकलं. सीताबाई घागर घेऊन केबिनच्या दारात तशीच उभी.

"भाऊ," ती मला म्हणाली, "त्यायले सांगा, मांगं वारा लागते. सांबार मान टाकन."

नथ्थू चार हातांवर दोरी बांधत होता.