कुलपाआडचे पाळकसाहेब

“आलोच!”

दारावरची बेल वाजली की आतून हा शब्द यायचा. कोण आलंय, कशासाठी आलंय, हे कळायच्या आधीच. मागोमाग पाळकसाहेब दारात उभे. एका पायात चप्पल, दुसरी पायाने चाचपत. कधी अर्ध्या गालाला साबणाचा फेस, कधी हातात भाकरीचा तुकडा. फेस तसाच ठेवून ते एकदा कुणा नवरा-बायकोचं भांडण सोडवायला गेले होते. परत आले तेव्हा फेस वाळून गेला होता आणि भांडण मिटलं होतं.

तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस राहून गेला असेल. त्याला झोपलेलं कुणी पाहिलेलं नसतं आणि तो दमतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आम्ही नेरूळला राहायला गेलो तेव्हा नेरूळ नकाशावर जास्त आणि जमिनीवर कमी होतं. नव्या चाळवजा इमारती, मध्ये मोकळे प्लॉट, त्यात वाळलेलं गवत. तळमजल्यावर आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. ते ख्रिस्ती धर्मगुरू, म्हणजे पाळक, मूळचे नगरकडचे. इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळींना अजून चर्चची इमारत नव्हती. रविवारी सकाळी शाळेचा हॉल मिळायचा, तिथे साहेब उपासना चालवायचे. साहेबांच्या पत्नी वाशीच्या एका शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणायचे. एकुलती मुलगी नर्सिंग शिकायला दूर होती.

ख्रिस्ती मंडळी त्यांची, पण साहेब सगळ्यांचे होते. शाळेच्या ॲडमिशनचा फॉर्म भरायचा, पेशंटला वाशीच्या दवाखान्यात न्यायचं, मुलाला शेजारच्याने मारलं, चला पाळकसाहेबांकडे. माझ्या सासूबाईंचा पाय मोडला तेव्हा त्यांना उचलून रिक्षात ठेवणारे हेच. सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक. पण नंतर त्या संकष्टीचा मोदक आठवणीने समोर पाठवायच्या.

सगळ्यात नेमाने बेल वाजवायचे ते साळवेकाका. छापखान्यातून रिटायर झालेले, बायको वारलेली, मंडळीच्या कमिटीत. रोज संध्याकाळी त्यांची एक तरी तक्रार असायची. गाण्याची चाल चुकली, सतरंजी उलटी घातली, पेटीवाला उशिरा आला. साहेब मांडी घालून ऐकायचे. काका गेले की बाई विचारायच्या, “आज काय होतं?” साहेब म्हणायचे, “काही नाही. सतरंजी.”

मग एका लग्नात ते झालं.

नवरीकडचे आमच्याच इमारतीतले, म्हणून आम्हीही गेलो होतो. त्या आठवड्यात साहेबांनी दोन अंत्यविधी केले होते आणि आदल्या रात्री कुणाच्या तरी उशाशी बसले होते. नवरा-नवरी समोर उभी राहिली. साहेबांनी गळा साफ केला आणि गंभीर आवाजात सुरू केलं, “आपल्यातून निघून गेलेल्या या आपल्या बहिणीसाठी…”

ही तर अंत्यविधीची वाक्यं! नवरीच्या आईने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “बरोबरच आहे की! नांदायला चाललीच आहे ती!” सगळा हॉल हसला. नवरीसुद्धा हसली. साहेबांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि लग्न नीट लावून दिलं.

हसले नाहीत ते एकटेच.

संध्याकाळी मी बाहेरच्या पायरीवर मेथी निवडत होते. ते येऊन बसले. बराच वेळ जुड्यांकडे बघत राहिले.

“वहिनी, माझ्या आत काहीतरी संपलंय,” ते म्हणाले.

“दमलायत तुम्ही. होतं असं.”

“तसं नाही. प्रार्थनेला डोळे मिटतो ना, तर मला फक्त बेल ऐकू येते. दुसरं काहीच नाही. लोकांना सांगतो देवाजवळ जा, आणि मी स्वतः किती दिवसांत गेलेलो नाही.” मग आवाज आणखी खाली गेला. “हे असंच राहिलं तर मी कुठल्या तोंडानं उभा राहू?”

त्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते. इतकी वर्षं मी ते हात काहीतरी करतानाच पाहिले होते.

बाई मात्र दुसऱ्याच दिवशी कमिटीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मे महिन्याची सुट्टी मागितली. साळवेकाका म्हणाले, “पाळकाला कसली सुट्टी? मेंढरं कधी सुट्टी घेतात का?”

“मेंढरं रोजच सुट्टीवर असतात, काका. मेंढपाळच तेवढा उभा असतो,” बाई म्हणाल्या. “देवानं सुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला. तुमचा रविवार विसाव्याचा. यांचा रविवार कामाचा. मग यांचा विसाव्याचा दिवस कोणता, तेवढं सांगा. मी जाते.”

सुट्टी मिळाली. रविवारच्या उपासनेला ठाण्याहून दुसरे पाळक येतील असं ठरलं. दोघं दाराला कुलूप लावून, एक किल्ली माझ्याकडे देऊन, नगरला गावी गेली.

आठवडाही झाला नसेल. भर दुपारी, सगळी इमारत झोपलेली असताना, माझ्या मागच्या दारावर टकटक झाली. आमच्या दोन्ही घरांना मागे मोरीकडून एकेक दार होतं. बघते तर बाई आणि साहेब. साहेबांचा चेहरा जाताना होता त्याहून उतरलेला.

“गावात पाऊल टाकलं आणि रांग लागली,” बाई म्हणाल्या. “एक साखरपुडा, एक बारसं, आणि चुलतभावांची बांधावरची भांडणं. सगळं यांच्यापुढे. आणि हे आपले, आलोच, आलोच! मी यांना ओढून परत आणलंय.” मग त्यांनी माझा हात धरला. “वहिनी, पुढचं कुलूप काढू नका. मागच्या दाराची किल्ली आहे माझ्याकडे, आम्ही तिथूनच आत जातो. लोकांच्या लेखी आम्ही गावालाच आहोत.”

साहेब अस्वस्थ झाले. “पण हे खोटं नाही का?”

“कुलूप लावलं तेव्हा आपण गावाला जातच होतो. ते खरंच होतं,” बाई म्हणाल्या. “आता आपण ते फक्त काढत नाही आहोत.”

साहेबांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला होता. तरी ते मुकाट्याने मागच्या दाराकडे वळले.

असा त्यांचा विसावा सुरू झाला. मी भाजी-दूध मागच्या दाराने पोचवायची. करावे गावची मासेवाली मावशी मागच्याच दाराने यायची, तिच्यापासून लपवणं शक्य नव्हतं. तिने टोपली उतरवली, आत डोकावली, पलंगावर आडवे झालेले साहेब पाहिले आणि बाईंना म्हणाली, “काय गो बाय, दादल्याला कोंडून ठेवलास काय?”

“दमलेत ते, मावशी.”

“मंग बरा केलास. आमचा म्हातारा पन असाच हाय, बसवला तरच बसतो. कोनाला नाय सांगत मी.” आणि दोन बोंबील जास्त टाकून गेली.

पण कोंडून घेतलं म्हणून माणसाला विसावा मिळतो असं नाही. पहिले दिवस साहेब नुसते घरात फेऱ्या मारायचे. बाहेर कुणाची चाहूल लागली की उठून बसायचे. “कोण असेल? काय झालं असेल?” बाई म्हणायच्या, “असेल कुणीतरी. बघेल काय ते.” रात्री झोप नाही. बाई मला म्हणाल्या, “वहिनी, यांना बरं वाटलं नाही ना, तर हे काम सोडतील. आणि काम सोडलं तर हे माणूस म्हणून उरायचे नाहीत.” त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा एकदाच पाहिलं.

मग एका दुपारी साहेबांना गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. बाईंनी मागच्या दारातून मला हातानेच खूण केली, झोपलेत म्हणून. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून हसलो, घरात तान्हं बाळ निजल्यासारख्या.

आणि त्याच संध्याकाळी साळवेकाका आले.

ते रोज संध्याकाळी येतच होते. कुलपाकडे बघायचे आणि परत जायचे. त्या दिवशी मात्र काय झालं कोण जाणे, बोटाच्या सवयीने असेल, समोर कुलूप लटकत असताना त्यांनी बेल दाबली.

आतून खणखणीत आवाज आला, “आलोच!”

मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसले होते. सूप हातातून सुटता सुटता राहिलं. काकांनी कुलपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आत चपलेचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. बाईंची ‘श्शऽ’ ऐकू आली.

“काका,” दाराच्या आतून साहेब म्हणाले, “मी आतच आहे. गावाला नाही. वहिनी, किल्ली तुमच्याकडे आहे ना? उघडा.”

किल्ली माझ्या कमरेला खोचलेली होती. मी उठले, पण ती काढली नाही. काकांचा चेहरा लाल झाला होता. हा माणूस आता सगळी इमारत गोळा करणार, कमिटीत सांगणार, पाळक कुलपाआड लपून बसतो म्हणून बोभाटा करणार, असं मला वाटलं. साहेबांचं मग काय राहिलं असतं?

काका दाराला अगदी टेकून उभे राहिले. “साहेब, जेवण जातंय का?”

“हो.”

“झोप?”

“कालपासून लागायला लागली.”

काकांनी कुलपावर हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, “मग झोपा. मी आलोच नाही, असं समजा.”

“पण काम काय होतं तुमचं?”

“माझं कधी काही काम असतं का, साहेब? घरात बोलायला कुणी नाही, म्हणून येतो. ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.”

मी काकांना म्हटलं, “चहा टाकते. बसा आमच्याकडे.” ते बसले, चहा घेऊनच गेले.

दुसऱ्या दिवसापासून काका संध्याकाळी आमच्याच दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. माझ्या नवऱ्याशी पेपरातल्या बातम्यांवर वाद घालायचे आणि एक डोळा समोरच्या दारावर ठेवायचे. कुणी आलं की आधीच गरजायचे, “कुलूप दिसत नाही का?” खोटं एक अक्षर बोलायचे नाहीत.

एकदा खरंच गरजेचं माणूस आलं. मंडळीतली एक बाई बाळंतपणात अडली होती, तिची आई रडत आली. आत साहेब ऐकत असणार. काका उठले, चपला घातल्या. “मी येतो. चला,” म्हणाले. वाटेत त्यांनी आणखी दोघांना घेतलं. एकाने रक्त दिलं, दुसऱ्याने डॉक्टरांमागे धावपळ केली आणि काका दवाखान्याबाहेर बाकावर बसून उपासनेची गाणी म्हणत राहिले. सकाळी मुलगी झाली, आई सुखरूप. शुद्धीवर आल्यावर बाळंतीण पहिलं काय म्हणाली असेल? “काकांना म्हणावं, चाल चुकली.”

हे सगळं मी मागच्या दारात साहेबांना सांगितलं. रात्रभर ते जागेच होते. ऐकून खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. “माझ्याशिवाय झालं की हो, वहिनी,” म्हणाले. “सगळं माझ्याशिवाय झालं!” एवढा मोकळा झालेला त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता.

त्यानंतर ते खरे विसावले. पहाटे मागच्या दाराने निघून करावेच्या खाडीवर जाऊन बसायचे. मावशीच्या म्हाताऱ्याशेजारी. तो जाळं नीट करत असायचा, हे बघत असायचे. दोघं फारसे बोलायचे नाहीत. एक दिवस परत आल्यावर मला म्हणाले, “आज डोळे मिटले तर काही मागावंसंच वाटलं नाही. नुसता बसलो. बरं वाटलं.”

जूनमधल्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम शाळेच्या हॉलमध्ये जाऊन मागे उभी राहिले. साहेबांनी उपदेशाआधीच सांगून टाकलं, “मी गावाला नव्हतो. घरातच होतो, कुलपाआड. तुम्हाला फसवलं, माफ करा.” लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारी उठली आणि रागाने म्हणाली, “मग सांगायचं नाही का? डबा दिला असता की आम्ही!” त्यावर साळवेकाका उभे राहिले आणि कमिटीच्या वतीने जाहीर करून मोकळे झाले, की यापुढे सोमवार पाळकसाहेबांचा. कमिटीला हे तिथेच कळलं. पण विरोध कुणी केला नाही.

पुढे काही वर्षांनी त्यांची बदली झाली, मराठवाड्याच्या वाटेवरच्या एका गावात. सामान टेम्पोत चढलं, सासूबाईंनी त्यांच्या हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा दिला आणि समोरचं घर रिकामं झालं.

त्यानंतर एकदाच मी त्यांना पाहिलं. भाचीच्या लग्नाला त्या बाजूला गेले होते. परतताना बसला अवकाश होता, म्हणून घर विचारत गेले. दाराबाहेर एक बाई गहू वाळवत होती. म्हणाली, “आज सोमवार, साहेब भेटायचे नाहीत. सुट्टी असते त्यांची. कॅनॉलकडं गेलेत दोघं.”

कॅनॉल समोरच होता. उतरत्या उन्हात भरावावरून दोघं सावकाश चालले होते. बाई पुढे, साहेब मागे. साहेबांच्या हातात उसाचं कांडकं होतं. दातांनी सोलत, सालीच्या चोयट्या वाऱ्यावर सोडत चालले होते. मधेच थांबून त्यांनी बाईंना काही दाखवलं, बहुधा पाण्यातला बगळा असावा. दोघं बघत उभी राहिली.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. गहू वाळवणाऱ्या बाईकडे पाणी मागून प्यायले आणि बस गाठायला निघाले.