कबनूरचा माग आणि न सांगितलेला कपॅसिटर

माग पुन्हा थांबला.

“आण्णा, धागा तर शाबूत हाय की!” मागवाला महादबा माझ्यावर ओरडला. “ह्यो काय भुतानं थांबवला व्हय?”

मागावर प्रत्येक उभ्या धाग्याला एक पातळ पत्ती लटकते. धागा तुटला की पत्ती खालच्या पट्टीवर पडते, सिग्नल मिळतो, कंट्रोल बोर्ड माग थांबवतो. ही बोर्डं मी मंगळवार पेठेतल्या माझ्या दुकानात आयुष्यभर हातानं जोडली. शाळा सातवीपर्यंत, पण माझा सोल्डरचा टाका कधी सुटला नाही. वितळलेल्या राळेचा वास अंगाला चिकटलेला असायचा, बायको लांबूनच ओळखायची.

आता त्यातल्या चिपा मिळत नाहीत. महादबाचं बोर्ड मेलं, तसं त्यानं बजावलं, “नवं चाललं तर बरं, न्हायतर माग भंगारात घालतो. दुसरा घ्यायची ऐपत न्हाय.”

माझी पुतणी शीतल इंजिनिअर. ती सर्किट जोडत नाही, लिहिते. त्याला हार्डवेअर डिस्क्रिप्शन लँग्वेज म्हणतात. बोर्डानं काय करायचं ते अक्षरांत लिहायचं, कॉम्प्युटर त्याची जोडणी बनवून कोऱ्या चिपमध्ये भरतो. मी तोंडानं सर्किट सांगितलं, तिनं लिहिलं. त्यात एकामागं एक दोन नॉट गेट होती. नॉट म्हणजे सिग्नल उलटा करणारं. कॉम्प्युटरनं दोन्ही उडवली!

“काका, उलट्याचं उलट म्हणजे सुलटच. काय गरज?”

“माझ्या बोर्डात गरज नसलेलं काय नसतंय,” मी म्हणालो. तिनं ऐकलं नाही, आणि आता कबनुरात माग अडत होता.

“घाल माझी गेटं परत!”

तिनं तिथंच लॅपटॉप उघडला, कॉम्प्युटरला दटावून ती घातली. माग चालला, आणि परत थांबला.

शीतलनं महादबाकडून जुनं बोर्ड मागून घेतलं आणि उलटं केलं.

“काका, दोन नॉटच्या मधे हे काय?”

“कपॅसिटर. त्याशिवाय नॉट लावतंय कोण?”

“मग सांगितलं का नाही?”

“तू इचारलंस का?”

महादबा हसत सुटला. “घरची भांडणं घरी करा की! माग बघा आदी.”

माग चालताना पत्त्या थरथरतात, एखादी क्षणभर खालच्या पट्टीला टेकते. तो खोटा सिग्नल क्षणभर वीज साठवणारा कपॅसिटर गिळायचा. आमच्या हाताला ते इतकं सवयीचं, की सांगायची गोष्ट वाटलीच नाही. चिपमध्ये कपॅसिटर लिहिता येत नाही. म्हणून शीतलनं वाट बघणं लिहिलं: सिग्नल थोडा वेळ टिकला तरच खरा धरायचा. चिप भरली.

माग सुरू झाला. खडखडाट न तुटता चालू राहिला. मग महादबानं कात्रीनं धागा कापला. माग जागच्या जागी थांबला.

“ऱ्हाऊ दे आता ह्यो माग,” महादबा मागाच्या लाकडावर थाप मारत म्हणाला, “भंगारवाल्याला सांगतो, दुसरं घर बघ.”

परतताना शीतल म्हणाली, “काका, पुढच्या वेळी सगळं सांगा.”

सगळं कसं सांगणार? निम्मं तर हातालाच ठाऊक असतं. सर्किट लिहून घ्यायचं असेल, तर जोडणाऱ्याला विचारा आणि त्याचं बोर्डही उलटं करून बघा. मी दुकानात जाऊन उगाच सोल्डरिंग आयर्न तापवलं. जोडायला काही नव्हतं.