बर्फाच्या तिकिटांची आत्या

आमच्या आत्याकडे पोस्टाची तिकिटं होती ती फक्त बर्फातल्या खेळांची. हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्तानं देशोदेशींनी काढलेली. कुणी पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगर उतरतोय, कुणी बर्फावर गिरकी घेतेय. बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात, शनवारा भागातल्या घरी कूलरसमोर बसून ती भिंगातून हे सगळं बघायची आणि खरोखरच पदर अंगभर लपेटून घ्यायची.

ती कागद कारखान्याच्या ऑफिसात टपाल सांभाळायची. यंत्रांच्या भागांसाठी परदेशी पत्रव्यवहार चाले. त्यातल्या एका पाकिटावरचं तिकीट साहेबांना विचारून तिनं घरी आणलं, तिथून ही सुरुवात. पुढे अदलाबदलीतून नॉर्वेच्या मारिट नावाच्या शिक्षिकेशी तिची मैत्री जमली. आत्याचं इंग्रजी ऑफिसातलं. ‘आपले पत्र पोचले, आभारी आहे’ असं रीतसर सुरू करून खाली ती कैरीच्या लोणच्याची कृती लिहायची.

नियम एकच होता, तिकिटाला बोट लावायचं नाही. एकदा माझ्या नवऱ्यानं चिमट्याऐवजी बोटांनीच तिकीट उचललं, तर जावई असूनही त्याला दारापाशी खुर्ची मिळाली. मावा जिलेबी मात्र दोनदा वाढली.

आत्या रिटायर झाल्यावर काही वर्षांनी मारिटनं बोलावलं, एकदा बर्फ बघून जा. आत्यानं सदुसष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढला. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, हबकलेच. गुडघे, थंडी, विमान, सगळं त्यांनी मोजून दाखवलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, मी विचारून नाही राहिली," ती म्हणाली, "सांगून राहिली."

सोबत मी गेले. मारिट तिच्याच वयाची, काठी घेऊन स्टेशनवर आली होती. घरामागे छोटा उतार होता. एकदा पडल्यापासून आपण तिकडे फिरकत नाही, असं तिनं सांगितलं. आत्यानं अंगणातली मुलांची घसरगाडी बघितली, साडीवरचा कोट सावरला आणि आम्ही काही म्हणायच्या आत तीत बसली. गाडी अर्ध्यावर उलटली. मी धावत गेले, मागून मारिट काठी टेकत. आत्या उताणी पडून हसत होती. उठवायला हात दिला तर घेईना.

"जरा पडू दे बेटा. चाळीस वर्षं भिंगातूनच बघितलंय."

आम्ही दोघीही मग तिच्याशेजारी बसलो. मारिटनं काठी बाजूला टाकली.

गेल्या पावसाळ्यात आत्या गेली. मला तिकिटांतलं फारसं कळत नाही, पण मारिटला पत्रं आता मी लिहिते. परवाच तिचं उत्तर आलं. लिहिलंय, डॉक्टर रागावतात, पण बर्फ पडला की मी रोज उतारावर जाते. बर्फात जन्मले मी, पण त्यात पडायची भीती तुझ्या आत्यानं घालवली.