मावशी म्हणाली, भागतं

आमच्या लाँड्रीत तिला सगळ्याच मावशी म्हणायच्या, पण माझी ती सख्खी मावशी. आईची धाकटी बहीण. तिच्याच शब्दावर मला तिथे काम लागलं होतं. गावातल्या तीन इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे अंगरखे आमच्याकडे धुवायला यायचे. मावशी रोलरवर असायची. जोडीदारणीबरोबर ओली चादर दोन्ही टोकांना ताणून त्या तापलेल्या रोलरमध्ये सरकवायची, की पलीकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर पडायची. पलीकडे घडीच्या टेबलावर मी. बावीस वर्षं मावशी त्या वाफेत उभी होती. तिच्या मनगटांवर भाजल्याचे इतके डाग होते की नवीन पडलेला कुठला, ते तिलाही सांगता यायचं नाही.

जिभेची ती तिखट. एकदा सुपरवायझर म्हणाला, रोलर म्हातारा झालाय, जपून वापरा. मावशी चादर सरकवता सरकवताच म्हणाली, "त्याला महिन्याच्या महिन्याला तेल तरी मिळतं."

त्यामुळे सरकार किमान वेतनाचे दर नव्याने ठरवणार आहे आणि सुनावणीत प्रत्येक धंद्यातल्या कामगारांचं म्हणणं ऐकून घेणार आहे असं कळलं, तेव्हा आमच्यातून कोण जाणार हा प्रश्नच आला नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी घडीच्या टेबलाभोवती जमल्या. एकेकीने सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. घरभाडं, मुलांची फी, गुडघे, भाजणं, दोन पाळ्या लागोपाठ करूनही महिनाअखेरीला होणारी ओढाताण. दोन पानं भरली. फाटक्या चादरी शिवणाऱ्या बाई एरवी कुणाशी फार बोलायच्या नाहीत, त्यांनीही चष्मा पुसत पुसत चार ओळी सांगितल्या. मावशीने कागद नीट घडी करून कमरेला खोचला.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. रजा एकीलाच मिळाली होती, म्हणून लाँड्रीत मी तापाचं निमित्त सांगितलं होतं. अक्षर माझं होतं, कुठे अडली तर वाचून दाखवायला.

आता काकांबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे मावशीचा नवरा. बसच्या कारखान्यात मेकॅनिक होते. मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून घरीच. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांना डायलिसिसला न्यावं लागायचं. ते फुकट व्हायचं, कारण मावशीकडे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारं मदतीचं कार्ड होतं. त्या कार्डाला उत्पन्नाची मर्यादा असते, आणि मावशीचं घर त्या मर्यादेच्या अगदी जरासं खाली होतं.

सुनावणीच्या दालनाबाहेर भिंतीला कागद चिकटवले होते. नव्या दरांचा मसुदा एका कागदावर, मदतीच्या योजनांचे नियम दुसऱ्यावर. आमचा नंबर यायला वेळ होता. मावशी ते वाचत उभी राहिली. आधी हा, मग तो, मग पुन्हा हा. मी पाणी प्यायला गेले आणि परत आले तरी ती तिथेच. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाली. पण मीही ते कागद वाचले. नवा दर लागू झाला असता तर मावशीचं घर मर्यादेच्या वर गेलं असतं. वाढलेल्या पगारात डायलिसिस बसणं तर सोडाच, तिथवर जायचं रिक्षाभाडंही जेमतेम सुटलं असतं.

आत लांबलचक टेबल होतं. मधोमध अध्यक्ष, एका बाजूला मालकांची माणसं. मावशीला माइकसमोर बसवलं. अध्यक्षबाई सभ्य होत्या. घाई न करता त्यांनी विचारलं, "सध्याच्या पगारात तुमचं भागतं का?"

मावशीचा हात कमरेच्या कागदाकडे गेला. तिथेच थांबला.

"भागतं," ती म्हणाली.

"म्हणजे तक्रार नाही?"

"नाही."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मला उठून उभं राहता आलं असतं. मी राहिले नाही.

परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. उतरायच्या आधी मावशी म्हणाली, "कुणाला बोलू नकोस." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी घेरलं तेव्हा तिने सांगितलं, साहेब लोकांनी ऐकून घेतलं, बघू म्हणाले.

दोन महिन्यांनी यादी लागली. हॉटेलवाले, झाडूवाले, पहारेकरी, सगळ्यांचे दर वाढले होते. लाँड्रीपुढे लिहिलं होतं, सध्याचे दर कायम. बायकांनी मालकाला शिव्या घातल्या, सरकारला घातल्या. मावशीला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट तिचीच समजूत घालत राहिल्या, की तुम्ही एकट्या काय करणार होतात. कुणीतरी तिला चहा आणून दिला. तो तिने तसाच निवू दिला आणि बेसिनमध्ये ओतला, ते मी पाहिलं.

रोलरला एका वेळी दोघी लागतात. मावशीची जोडीदारीण होती तिला आम्ही लांबी म्हणायचो. दारातून येताना तिला वाकावं लागायचं. मंगळवार-शुक्रवारी दुपारनंतर मावशी काकांना घेऊन इस्पितळात जायची, तेव्हा लांबी दोन्ही टोकं एकटीच सांभाळायची. सुपरवायझरने कुरकुर केली की म्हणायची, माझे हात पुरतात की दोन्हीकडे. त्याबद्दल तिने कधी काही मागितलं नाही.

यादी लागल्यावर लांबीने पहाटे एका कार्यालयाची फरशी पुसायचं काम धरलं. तिची मोठी मुलगी नर्सिंगला जाणार होती आणि पगारवाढीच्या भरवशावर तिने फॉर्म भरून ठेवला होता. पहाटे चारला उठायची, फरशी पुसायची आणि मग आमच्याकडे. रोलरसमोर ती पेंगायला लागली. एका मंगळवारी, एकटी असताना, चादरीबरोबर तिचा डावा हात आत ओढला गेला. मी धावत जाऊन मशीन बंद केलं. तीन बोटं भाजली होती, कातडी चादरीला चिकटली होती.

संध्याकाळी मी मावशीकडे जाऊन सांगितलं. काका पलंगावर होते. त्यांना कसलाच पत्ता नव्हता. मावशीने त्यांना तिथेच सगळं सांगितलं. मला वाटलं काका तिला धीर देतील. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "हे माझ्या नावावर खपवू नकोस. मला विचारलं होतंस का?"

लांबी हाताला पट्टी बांधून कामावर आली, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी घडीच्या टेबलाशी उभी राहिली. तो कागद तिने अजून ठेवला होता. टेबलावर ठेवून म्हणाली, हा मी दिलाच नाही. मग काय झालं ते सगळं सांगितलं. मी तिच्याबरोबर होते हे मात्र तिने गाळलं. मी खाली मान घालून बसले.

शिवणाऱ्या बाईंनी आपल्या चार ओळी तेवढ्या वाचल्या, कागद पालथा ठेवला आणि उठून मशीनकडे गेल्या. लांबी पट्टी कुरवाळत होती.

"आम्हाला सांगितलं असतंत तर दोन्ही मागितलं असतं की," ती म्हणाली. "पगारही वाढवा आणि कार्डाची मर्यादाही. इतक्या परक्या वाटलो का आम्ही तुम्हाला?"

मावशीने पालथा कागद उचलून लांबीपुढे ठेवला.

फेरसुनावणीचा अर्ज लांबीनेच लिहिला, उजव्या हाताने. या वेळी आठजणी गेलो. मावशीला बोलू द्यायचं का, यावर दोघीतिघींनी नाकं मुरडली. लांबी म्हणाली, कार्डाचं त्यांच्याइतकं कुणाला कळतंय? म्हणून मावशी पुन्हा त्याच माइकसमोर बसली.

"मागच्या वेळी मी भागतं म्हणाले," ती म्हणाली. "ते खोटं होतं. आमचं भागत नाही. पगार वाढला तर नवऱ्याचे उपचार बंद पडतील, म्हणून मी या सगळ्यांचा पगार अडवला." मालकांच्या बाजूचा एकजण शेजाऱ्याच्या कानाशी लागून हसला. अध्यक्षबाईंनी विचारलं, हे नोंदीत घ्यायचं का? मावशी म्हणाली, घ्या. तिची मान शेवटपर्यंत वर झाली नाही.

दर वाढले, पहिल्या यादीनंतर अकरा महिन्यांनी. कार्डाची मर्यादा काही बदलली नाही, पण किमान वेतन वाढल्यामुळे जे वर जातील त्यांचे चालू उपचार दोन वर्षं थांबवू नयेत, असा आदेश निघाला. काकांना त्यातलं दीड वर्ष मिळालं.

त्यांच्यानंतर मावशीने काम सोडलं. मी कधी म्हटलं की शेवटी तू खरं बोललीस ना, तर ती चिडते. म्हणते, "अकरा महिने त्यांचे गेले ते गेले. लांबीची पोर नर्सिंगला गेली नाही, दुकानात उभी राहते. ते काय माइकवर बोलून परत येतं?"

लांबीची दोन बोटं आता वळत नाहीत. रोलरवरून तिला घडीच्या टेबलावर आणलं, माझ्या शेजारी. एके दिवशी टॉवेल घडी करता करता तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "पहिल्या सुनावणीला तू होतीस ना मावशींबरोबर?"

मी हो म्हटलं.

तिने मान हलवली आणि पुढचा टॉवेल उचलला.