अरबी बटण कुणी दाबलंच नाही

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय. कुठेतरी ओकायलाच हवं.

इथे कुवेतमध्ये, जाब्रिया भागातल्या एका क्लिनिकची वेबसाइट आम्ही शुक्रवारी, सुट्टी बघून, नव्या सर्व्हरवर हलवली. आज सकाळी तिथल्या रिसेप्शनवरून शाहीनचा फोन आला. ती आमच्या श्रीवर्धनकडचीच.

"अगं, अरबीचं बटण दाबलं तरी इंग्रजीच येतंय! एक कुवेती आजोबा रक्त तपासायला नाश्ता करून आलेत. उपाशी यायचं कुठे लिहिलंय, म्हणून माझ्यावर ओरडतायत."

आमच्या ऑफिसातल्या मॅनेजरला सांगितलं, तर तो स्वतःचा लॅपटॉप बघून म्हणतो, "मेरे यहाँ तो चल रहा है." अरे बाबा, चालणारच! तुझा ब्राउझर जुनं साठवलेलं पान दाखवतोय!

कारण दहा मिनिटांत सापडलं. भाषांतराच्या प्लगइनचं लायसन्स जुन्या सर्व्हरच्या नावावर होतं, म्हणून नव्यावर ते गपचूप बंद पडलं. लायसन्स बदललं, अरबी परत आली. आजोबा मात्र तोवर तपासणी न करताच घरी गेले. उद्या पुन्हा उपाशीपोटी येणार.

मग मॅनेजरने विचारलं, टेस्टिंग कुणी केलं होतं?

मीच. एकूण एक पान उघडून बघितलं होतं, सगळं इंग्रजीत. अकरा वर्षं कुवेतचं मीठ खातेय, पण अरबी बटणावर बोट ठेवायचं मला सुचलं नाही. ऑफिसात आम्ही सहाजण, एकालाही नाही.

तुम्हाला सुचलं असतं? खरं सांगा.